जळगावच्या दुकानाचा मेल गावोगाव पोहोचतो, त्यामागे हा दाढीवाला माणूस आहे

धुळ्याचा माझा एक मित्र वेबसाइट बनवून देण्याचं काम करतो. गेल्या वर्षी त्याने जळगावच्या एका छोट्या दुकानाची साइट बनवली. केळीचे वेफर्स, नागलीचे पापड, ज्वारीचे बिबडे असा सगळा खान्देशी माल. साइट पीएचपी या भाषेत लिहिलेली. ऑर्डर येत होत्या, पैसे जमा होत होते, माल कुरिअरने जात होता. अडचण एकच होती. ऑर्डर मिळाल्याचा मेल बऱ्याच ग्राहकांपर्यंत पोहोचतच नव्हता. खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही म्हटल्यावर ग्राहक दुकानदाराला फोन करायचे आणि दुकानदार मित्राला.

शेवटी मित्राने मला विचारलं, की पीएचपीशी नीट जमेल असं मेल सर्व्हरचं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? सेंडमेल, पोस्टफिक्स, एक्झिम, नावं तर बरीच ऐकली होती. मी मास कम्युनिकेशन शिकलेला माणूस, कोड लिहिणारा नाही. पण शोधायला बसलो आणि उत्तराच्या आधी एक माणूस सापडला. यातलं एकही सॉफ्टवेअर त्याने लिहिलेलं नाही. तरीही ही सगळी सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात आणि कुठलीही स्क्रिप्ट त्यांच्याशी बोलू शकते, ती त्याच्यामुळे.

त्याचं नाव जॉन पोस्टेल. इंटरनेटच्या सुरुवातीच्या तीस वर्षांचा हिशोब ठेवणारा माणूस.

एकाच शाळेतली तीन पोरं

पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीनाचा. शाळा लॉस एंजेलिसमधली व्हॅन नायज हायस्कूल. गंमत म्हणजे याच शाळेत व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघंही होते. पुढे इंटरनेट उभं करणाऱ्या लोकांची यादी केली तर या तिघांची नावं वरच्या ओळींत येतात.

पोस्टेल लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. १९६६ ला पदवी, १९६८ ला मास्टर्स आणि १९७४ ला कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी. पण त्याचं खरं शिक्षण प्रयोगशाळेत झालं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर अर्पानेट नावाचं नेटवर्क उभं राहत होतं आणि त्याची पहिली जोडणी याच विद्यापीठात होती. २९ ऑक्टोबर १९६९ ला इथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरला पहिला संदेश गेला. पोस्टेल त्या टीममधला एक विद्यार्थी होता.

हे नेटवर्क चालवायचे नियम तेव्हा कुणाकडेच नव्हते. मग या पोरांनीच ते लिहायला घेतले. आपण तर विद्यार्थी, नियम करणारे आपण कोण, हा संकोच त्यांना होता. म्हणून क्रॉकरने या कागदांना नाव दिलं 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे आम्ही असं सुचवतोय, तुमचं मत सांगा. थोडक्यात आरएफसी. पहिला आरएफसी एप्रिल १९६९ चा. हे कागद जमा करणं, तपासणं, त्यांना क्रमांक देणं आणि सगळ्यांना वाटणं हे काम पोस्टेलकडे आलं. ते त्याने मरेपर्यंत, जवळपास तीस वर्षं केलं. त्याच्या स्वतःच्या नावावर असलेले आरएफसीच दोनशेहून जास्त आहेत.

कुठल्या खिडकीवर काय मिळतं

तहसील कचेरीत गेलात तर सातबारा एका खिडकीवर, दाखले दुसऱ्या खिडकीवर. कुठल्या खिडकीवर काय मिळतं हे ठरलेलं नसेल तर दिवसभर रांगा बदलत बसावं लागेल. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. एका कॉम्प्युटरवर मेल, वेबसाइट, फाइल अशा अनेक सेवा चालतात. कुठली सेवा कुठल्या क्रमांकाच्या खिडकीवर मिळेल हे सगळ्या जगात एकसारखं असावं लागतं. या खिडकीला पोर्ट म्हणतात.

१९७२ मध्ये पोस्टेलने सुचवलं की हे क्रमांक वाटायला कुणीतरी एक माणूस हवा. तो माणूस तोच झाला. आज मेलची खिडकी २५ आणि वेबसाइटची ८० हे जगभर ठरलेलं आहे, ते या यादीमुळे. पुढे या कामाला आयाना असं संस्थेचं नाव मिळालं. पण बरीच वर्षं आयाना म्हणजे पोस्टेल आणि त्याची सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांच्यासारखी मोजकी माणसं, एवढाच त्याचा पसारा होता.

१९७७ मध्ये तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. लांब दाढी, पायात सँडल आणि सुट्टी मिळाली की डोंगरात भटकंती, असा हा माणूस.

१९८२: मेलची भाषा

ईमेल पोस्टेलच्या आधीच सुरू झाला होता. रे टॉमलिन्सनने १९७१ मध्ये पत्त्यात ॲट द रेटचं चिन्ह आणलं होतं. पण मेलसाठी स्वतंत्र रस्ता नव्हता. फाइल पाठवण्याची एक पद्धत होती, एफटीपी. तिचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण या आयआयटी कानपूरला शिकलेल्या भारतीयाने लिहिला होता. बरीच वर्षं मेल याच फाइलच्या गाडीत बसून जायचा.

मेलला स्वतःची गाडी पोस्टेलने दिली. नोव्हेंबर १९८१ मध्ये पहिला मसुदा आला आणि ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१. नाव सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे एसएमटीपी. प्रोटोकॉल म्हणजे दोन कॉम्प्युटरनी एकमेकांशी कसं बोलायचं याची ठरलेली रीत.

ही रीत किती साधी आहे बघा. तुमचा सर्व्हर समोरच्या सर्व्हरच्या २५ नंबरच्या खिडकीवर जातो. समोरचा २२० हा आकडा सांगतो, म्हणजे मी हजर आहे. तुमचा सर्व्हर हेलो म्हणून स्वतःचं नाव सांगतो. मग मेल कुणाकडून आहे ते सांगतो आणि कुणाला द्यायचा ते सांगतो. प्रत्येक वाक्याला समोरून २५० येतो, म्हणजे ठीक. त्यानंतर मेलचा मजकूर जातो. शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब दिलं की मजकूर संपला. पुन्हा २५० आला, की आता या मेलची जबाबदारी समोरच्याची.

काही बिघडलं तर आकडा बदलतो. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर ये. पाचने सुरू होणारा म्हणजे अजिबात जमणार नाही, परत येऊ नको. नंतर ये असं सांगितलं तर सर्व्हर मेल फेकून देत नाही. तो रांगेत ठेवतो आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. भुसावळ जंक्शनवर उतरलेल्या पार्सलसारखं. पुढची गाडी चुकली म्हणून पार्सल रुळावर टाकून देत नाहीत, ते पुढच्या गाडीची वाट बघत थांबतं.

या सगळ्यात कुठलंही गुपित नाही, कुठल्या कंपनीचा परवाना नाही. साधी इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडी उत्तरं. त्यामुळे ज्या भाषेला नेटवर्कवर चार ओळी लिहिता-वाचता येतात ती कुठलीही भाषा मेल सर्व्हरशी बोलू शकते.

इथे माझ्या मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं.

सेंडमेल नावाची सवय

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमनने सेंडमेल हे सॉफ्टवेअर लिहिलं. १९८३ पासून ते बर्कलेच्या युनिक्ससोबत जाऊ लागलं आणि बघता बघता बहुतेक युनिक्स सर्व्हरवर बसलं. मेल पाठवायचा तर सेंडमेल ही कमांड चालवायची, अशी सवयच पडली.

१९९५ मध्ये रॅस्मस लर्डॉर्फने पीएचपी जगासमोर आणलं. पीएचपीत मेल पाठवायला मेल नावाचंच एक तयार फंक्शन आहे. लिनक्स सर्व्हरवर ते फंक्शन स्वतः कुठेही जात नाही. ते सर्व्हरवरच्या सेंडमेल कमांडला मजकूर देतं आणि मोकळं होतं.

मग सर्व्हरवर सेंडमेल नसून दुसरंच सॉफ्टवेअर असेल तर? त्याचीही सोय आहे. केंब्रिजच्या फिलिप हेझलने १९९५ मध्ये एक्झिम लिहिलं. विट्से व्हेनेमाने आयबीएममध्ये पोस्टफिक्स लिहिलं. दोघांनीही आपल्या सॉफ्टवेअरसोबत सेंडमेल याच नावाची कमांड दिली, म्हणजे जुन्या स्क्रिप्ट बदलाव्या लागू नयेत. दुसरा रस्ता म्हणजे स्क्रिप्टने स्वतःच एसएमटीपी बोलायचं. पीएचपीमेलरसारखी लायब्ररी हेच करते आणि पायथनमध्ये त्यासाठी एसएमटीपीलिब आधीपासूनच असते.

म्हणजे पीएचपीशी कुठलं सॉफ्टवेअर जमतं, तर सगळीच. प्रश्न चुकीच्या जागी होता. मित्राचा मेल अडत होता तो पीएचपी आणि मेल सर्व्हरच्या मध्ये नाही, तर त्याच्या पुढे, अनोळखी सर्व्हरच्या दारात.

सगळ्यांवर विश्वास ठेवणारी रीत

पोस्टेलचं एक तत्त्व प्रसिद्ध आहे. १९८० मध्ये नेटवर्कच्या नियमांत त्याने ते लिहून ठेवलं. आपण पाठवताना काटेकोर असावं, दुसऱ्याचं घेताना मन मोठं ठेवावं. म्हणजे समोरच्याच्या वाक्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी अर्थ कळत असेल तर घ्यावं. शेकडो प्रकारचे कॉम्प्युटर एकमेकांशी जोडले गेले त्यात या समजूतदारपणाचा वाटा मोठा आहे.

पण एसएमटीपीत याची दुसरी बाजूही आहे. मेल कुणाकडून आला हे पाठवणारा सांगेल ते खरं मानायचं. १९८२ मध्ये नेटवर्कवर विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि लष्करी कार्यालयं होती. माणसं एकमेकांना ओळखत होती. खोटं नाव सांगणारा येईल हे गृहीत धरून ती रीत लिहिलीच नव्हती.

पोस्टेलला या धोक्याची जाणीव नव्हती असंही नाही. नोव्हेंबर १९७५ मध्येच त्याने नकोशा मेलच्या अडचणीवर एक छोटा आरएफसी लिहिला होता, क्रमांक ७०६. नको असलेल्या ठिकाणाहून येणारा मेल नाकारायची सोय नेटवर्कमध्ये नाही, अशी त्याची तक्रार होती. स्पॅम हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पुढे लोकांनी या रीतीवर कुलपं बसवली. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवर डोमेनचा डिजिटल शिक्का. डीमार्क म्हणजे यादी आणि शिक्का दोन्ही जुळले नाहीत तर मेलचं काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी या बाबतीत हात आखडता घेतला. ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या आणि छोट्यांनाही निदान यादी किंवा शिक्का यातलं एक लागतंच.

दुकानाच्या डोमेनवर यातलं काहीच नव्हतं.

डॉट इन आणि मुंबईचं जुहू

मेलच्या पत्त्यात ॲट द रेटच्या पुढे जे नाव असतं, त्यातही पोस्टेलचा हात आहे. १९८३ मध्ये त्याच्याच इन्स्टिट्यूटच्या पॉल मॉकापेट्रिसने डोमेन नावांची व्यवस्था, म्हणजे डीएनएस, तयार केली. ते काम त्याच्याकडे सोपवणारा पोस्टेल होता. मग देशांची दोन अक्षरी नावं आली. भारताचं डॉट इन १९८९ चं.

कुठला देश हा देश आहे आणि कुठला नाही, हे भांडण पोस्टेलने अंगावर घेतलं नाही. देशांच्या संक्षिप्त नावांची एक आंतरराष्ट्रीय यादी आधीच होती, तीच त्याने धरली. आणि प्रत्येक देशात हे काम सांभाळणारं एक जबाबदार ठिकाण शोधलं. भारतात ते ठिकाण होतं मुंबईत जुहूला, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी म्हणजे एनसीएसटी. अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कचंही ते मोठं केंद्र होतं. सामान्य भारतीयांना व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला मिळालं. डॉट इनचा कारभार त्याच्या सहा वर्षं आधीपासून महाराष्ट्रातून चालत होता आणि २००५ पर्यंत तिथेच होता.

जानेवारी १९९८: एक मेल आणि खळबळ

इंटरनेटवर पैसा यायला लागला तसा एक प्रश्न उभा राहिला. या नावांचा आणि आकड्यांचा मालक कोण? सगळ्या डोमेन नावांच्या मुळाशी १३ रूट सर्व्हर असतात. त्यातला मुख्य सर्व्हर अमेरिकन सरकारच्या करारावर नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी चालवत होती. बाकीचे १२ त्याच्याकडून माहिती घ्यायचे.

२८ जानेवारी १९९८ ला पोस्टेलने या १२ पैकी ८ सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मेल केला, की आजपासून माहिती त्या मुख्य सर्व्हरकडून घेऊ नका, माझ्याकडून घ्या. आठही जणांनी ऐकलं. हातात ना कायदा, ना सरकारी हुद्दा. तीस वर्षं चोख हिशोब ठेवलेल्या माणसाचा शब्द, एवढ्यावर इंटरनेटच्या मुळाचा मोठा भाग एका दिवसात त्याच्याकडे वळला. वापरणाऱ्या कुणाला पत्ताही लागला नाही.

वॉशिंग्टनमध्ये मात्र धावपळ उडाली. व्हाइट हाउसमध्ये इंटरनेटचं धोरण बघणाऱ्या आयरा मॅगझिनरने त्याला हे ताबडतोब थांबवायला सांगितलं. पोस्टेलने तो एक प्रयोग होता असं सांगून सर्व्हर पुन्हा पहिल्यासारखे केले. तो खरंच प्रयोग होता की सरकारला दिलेला इशारा, यावर आजही वाद होतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना कळून चुकली. जगाचं इंटरनेट एका माणसाच्या भल्या स्वभावावर टिकवून ठेवता येणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आयकॅन ही संस्था स्थापन झाली. आयानाचं काम तिच्याकडे जाणार होतं आणि पोस्टेल तिथला तांत्रिक प्रमुख होणार, असं जवळपास ठरलं होतं.

तसं झालं नाही. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर प्रकृती बिघडली आणि १६ ऑक्टोबर १९९८ ला पोस्टेल गेला. वय फक्त ५५. शाळेपासूनच्या मित्राने, व्हिंट सर्फने, त्याच्यावर लिहिलेला मृत्युलेख आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध झाला. क्रमांक २४६८. इतकी वर्षं क्रमांक देणाऱ्याच्या नावावर हा एक क्रमांक कायमचा राहिला. १९९९ पासून इंटरनेट सोसायटी त्याच्या नावाने पुरस्कार देते.

मग दुकानाचं काय झालं?

पोस्टेल गेला त्यानंतर दोन महिन्यांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, आयबीएमने पोस्टफिक्स सगळ्यांसाठी खुलं केलं. दुसरी, मेल सोपवण्यासाठी ५८७ ही वेगळी खिडकी ठरली. २५ नंबरवर सर्व्हर सर्व्हरशी बोलतो. ५८७ वर तुमची स्क्रिप्ट नाव आणि पासवर्ड दाखवून आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवते. मित्राला शेवटी याच दोन्ही कामी आल्या.

त्याच्यासोबत बसून आम्ही जे ठरवलं ते थोडक्यात असं. तुमची साइट सीपॅनेलवाल्या स्वस्त होस्टिंगवर असेल तर तिथे बहुधा एक्झिम आधीच बसलेलं असतं. ते बदलता येत नाही आणि बदलायची गरजही नाही. सर्व्हर स्वतःचा असेल तर नव्या माणसाला पोस्टफिक्स सोपं जातं, कारण त्याच्या सेटिंगची फाइल वाचता येण्यासारखी आहे. प्रत्येक मेलला वेगळा नियम लावायचा असेल तर एक्झिम जास्त लवचिक आहे. सेंडमेल जुना आणि भक्कम आहे, पण त्याची सेटिंग समजून घ्यायला वेळ लागतो.

मित्राने पोस्टफिक्स घेतलं. पीएचपीचं साधं मेल फंक्शन सोडून लायब्ररीतून ५८७ वर मेल सोपवायला सुरुवात केली. याचं कारण महत्त्वाचं आहे. मेल फंक्शन होकार देतं तेव्हा त्याचा अर्थ मेल सर्व्हरवरच्या रांगेत गेला, एवढाच असतो. तो पोहोचला असा नाही. पुढे काय झालं ते लॉगमध्येच दिसतं, आणि लॉग त्याने तोवर कधी उघडलाच नव्हता. उघडला तेव्हा ५५० च्या रांगा होत्या. पाचने सुरू होणारा आकडा, म्हणजे दार बंद.

मग डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क बसवलं. सर्व्हरच्या आयपीवरून उलट शोधलं तर दुकानाचंच नाव निघेल अशी सोय केली. पोस्टफिक्स डिफॉल्टने पाच दिवस मेल रांगेत ठेवून प्रयत्न करत राहतं, त्यामुळे समोरचा सर्व्हर तासभर बंद असला तरी पावती हरवत नाही.

एक गोष्ट अजून बाकी आहे. पोस्टेलची मूळ रीत फक्त इंग्रजी अक्षरांची. मराठी मजकूर मेलमध्ये जायची नीट सोय १९९२ च्या माइमने केली. पत्ताच देवनागरीत असण्याची सोय व्हायला २०१२ उजाडलं आणि २०१४ मध्ये डॉट भारत देवनागरीत आलं. पोस्टफिक्स २०१५ पासून असे पत्ते घेतं. पण समोरच्या सर्व्हरलाही ते समजावे लागतात, म्हणून दुकानाने सध्या इंग्रजी पत्ताच ठेवलाय. पावती मात्र मराठीत जाते.

आता मित्र रोज सकाळी लॉग बघतो. बहुतेक ओळींच्या शेवटी २५० असतो. जिथे नसतो, त्या ग्राहकाला दुकानदार आधी स्वतःहून फोन करतो.